पट्टीखालची ओळ

१

पहिली ओळ वाचायची नाही, हे मला रोलंड थिबोडो यांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते.

माझे रोजचे काम ठरलेले. सकाळी साडेसातला गिरणीचे मागचे दार उघडायचे, कॉफी चढवायची आणि पाचही यंत्रांचे आकडे छापून घ्यायचे. गिरणी म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. इथे लोकर कातणे थांबून चाळीस वर्षे झाली. त्या लांबलचक लाकडी खोल्यांत आता आमची कंपनी धरणांच्या दरवाजांवर आणि पुलांच्या तुळयांवर किती ताण येतो त्याची गणिते करते. यंत्रांना झाडांची नावे आहेत. नदीकडच्या खोलीत हेमलॉक, मग स्प्रूस, बर्च, मेपल, आणि जिन्याजवळच्या शेवटच्या खोलीत टॅमरॅक. टॅमरॅक माझ्या टेबलावर असते. आधी ते रोलंडच्या टेबलावर असायचे. टेबल तेच आहे.

आज्ञा दिली की दर पाच सेकंदांनी आकड्यांची एक ओळ येते. मेमरीची किती पाने, म्हणजे सारखे तुकडे, मोकळी आहेत, किती आत आली, किती डिस्कवर काढून ठेवली. आणि एक रकाना शोधाचा असतो, म्हणजे काढून टाकण्याजोगी पाने हुडकत यंत्र सेकंदाला किती पाने तपासत आहे. जागा भरपूर असली की शोध शून्य असतो. शोध चढला की यंत्राचा जीव गुदमरतोय असे समजायचे.

पण पहिली ओळ फसवी. ती आत्ताची नसते, यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. तीन आठवडे झोपा काढलेले यंत्र आज मरायला टेकले असेल, तरी पहिली ओळ म्हणणार की सगळे छान चालले आहे. म्हणून रोलंड छापलेल्या कागदावर आपली पोलादी पट्टी आडवी ठेवायचे, पहिली ओळ झाकायचे आणि दुसरीपासून वाचायचे. पट्टीही आता माझ्याकडेच आहे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी टॅमरॅक बंद करून पुन्हा सुरू केले. अर्ध्या तासाने आकडे छापले आणि कागद उचलताना पट्टी घसरली. पहिल्या ओळीत मोकळी पाने ८८१२ होती, बाहेर काढलेली शून्य, शोध शून्य, यंत्र रिकामे एक्क्याण्णव टक्के.

हे आकडे मला पाठ होते. ते टॅमरॅकचे नव्हते आणि या वर्षाचेही नव्हते.

२

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका धरणाच्या दरवाजाचे गणित हेमलॉकवर तीन दिवसांत संपायचे होते. त्याला नऊ दिवस लागले आणि गिऱ्हाईक हातचे गेले. कारण आमचा प्रमुख वॉल्टर ब्रॅनॉक याने आपल्या टेबलावरून हेमलॉकवर स्वतःचे एक अवाढव्य गणित गुपचूप सोडले होते. दोन्ही मिळून मेमरीत मावत नव्हती. यंत्र पाने आत-बाहेर करण्यातच दमून गेले होते. रोलंडनी ब्रॅनॉकला तीन वेळा सांगितले होते की तुमचे थांबवा. नंतर बैठक बसली तेव्हा ब्रॅनॉकने ते ऐकल्याचेही कबूल केले नाही.

बैठकीआधी त्याने मला आकड्यांचा कागद आणायला सांगितले. एकच आण, पसारा नको, म्हणाला. मी आज्ञा दिली, पण दर किती सेकंदांनी ते लिहिले नाही. तसे केले की एकच ओळ छापून येते, आणि ती पहिली असते. नवशिके करतात ही चूक. मला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

ब्रॅनॉकने ८८१२ चा तो कागद सगळ्यांसमोर धरला. "यंत्र नव्वद टक्के रिकामं होतं, रोलंड. कसलं गुदमरलं आणि काय?"

रोलंडनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ही पहिली ओळ आहे," ते म्हणाले. "आयलीला विचारा."

"आयली, हे हेमलॉकचेच आकडे ना?" ब्रॅनॉकने मला विचारले.

"हो," मी म्हणाले.

एक अक्षर खोटे बोलले नाही मी. शुक्रवारी रोलंडनी आपला तपकिरी स्वेटर, बायकोचा फोटो आणि कप एका खोक्यात भरला. पट्टी मात्र टेबलावरच राहिली. सतरा वर्षांची नोकरी होती. सोमवारी त्यांच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या. ऑक्टोबरात अंगणातली झाडांची गळलेली पाने ओढताना ते कोसळले ते उठले नाहीत. मी अंत्यविधीला गेले नाही. वेलचीचा पाव भाजून शेजाऱ्यांबरोबर पाठवून दिला.

माझ्या खालच्या खणात मात्र एक वेगळा कागद होता. त्याच मार्चमधल्या एका दुपारचा, पूर्ण तासाभराचा, सातशे वीस ओळींचा. त्यातली कुठलीही ओळ वाचली असती तरी ब्रॅनॉक उताणा पडला असता. मी स्वतःला सांगत असे की त्याची मान माझ्या मुठीत आहे. वेळ येऊ दे, असा रगडीन की नाक घासत रोलंडच्या दारात जाईल. रोज सकाळी त्याला कॉफी देताना मला ही कल्पना साखरेसारखी पुरत असे. दहा महिने झाले, वेळ काही आली नव्हती.

३

तर त्या मंगळवारी मी कारणे शोधली. मोजणीत काही घोळ असेल, जुने आकडे कुठेतरी अडकून राहिले असतील. यंत्र पुन्हा बंद केले, सुरू केले, छापले. ८८१२. दुसऱ्या यंत्रांचे कागद काढले आणि पट्टी बाजूला केली. पाचही यंत्रांची पहिली ओळ तीच होती. ती कधीपासून तशी होती देव जाणे. ती कुणी वाचत नव्हते.

मग मी खालच्या ओळी पाहिल्या. मेमरी भरपूर मोकळी होती आणि तरी हेमलॉकवर शोध चाळीस होता. दहा मिनिटे तो चाळीसवर राहिला आणि थांबला. त्यानंतर स्प्रूसवर सुरू झाला. मग बर्च, मग मेपल. खोल्यांच्या क्रमानेच तो येत होता. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी खुर्चीत आखडून बसले होते. टॅमरॅकवर चाळीस, चाळीस, चाळीस, आणि मग शून्य. पुन्हा हेमलॉकपासून दुसरी फेरी निघाली. दोन फेऱ्यांतले अंतर बरोबर पन्नास मिनिटे होते.

रोलंडनी हे शोधाचे प्रकरण मला एकदा जेवणाच्या सुट्टीत, वाटाण्याच्या सुपात चमचा फिरवत समजावले होते.

"मेमरी म्हणजे घड्याळाची तबकडी समज, पोरी. त्यावर दोन काटे फिरतात, मधलं अंतर कायम. पुढचा काटा प्रत्येक पानावरची खूण पुसत जातो. मधल्या वेळात त्या पानाला कुणाचा हात लागला तर खूण परत उमटते. मग मागचा काटा येतो आणि खूण बघतो. नसली तर पान उचलतो."

"म्हणजे संपलंच ते?"

"नाही गं. डिस्कवर नेऊन ठेवतो. हाक मारली तर येतं, पण येता येता युग जातं. एवढं लक्षात ठेव, पुढचा काटा फक्त विचारतो. नेतो तो मागचा."

४

पुढच्या सोमवारी हेमलॉकच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

लोकांना गंमत वाटली. कुणीतरी म्हणाले की खुर्च्यांना शिक्षा झाली आहे. जो तो आपली खुर्ची फिरवून कामाला बसला. मंगळवारी स्प्रूसची खोली, बुधवारी बर्चची. मी झाडलोट करणाऱ्या डेल्फिनाबाईंना विचारले. त्या भडकल्या. मी फक्त फरशी बघते, म्हणाल्या, खुर्च्यांशी खेळायला मला वेळ आहे का.

बर्चच्या खोलीत आलेखछपाईच्या जुन्या यंत्रापाशी एक खुर्ची असे. तिथे वर्षभर कुणी बसले नव्हते. ती तशीच भिंतीकडे तोंड करून राहिली. आठवडा उलटल्यावर पुन्हा गेले तर खुर्ची नव्हती, यंत्रही नव्हते आणि शेजारचे कागदांचे खोकेही नव्हते. लाकडी जमिनीवर धूळ नसलेले चौकोन तेवढे उरले होते. कुठे गेले म्हणून मी चार जणांना विचारले. कुणालाच त्याचे काही वाटले नाही. टाकून दिले असेल, म्हणाले.

त्याच सुमाराला मला पावले ऐकू येऊ लागली. भर दुपारी, सगळे खाली जेवायला गेले की वरच्या लांब मार्गिकेत कुणीतरी चालत येई. जुने लाकूड थंडीत आपोआप वाजते, हे मला ठाऊक होते. पण लाकूड एका दारापाशी थांबून पुढच्या दाराकडे जात नाही. ती पावले माझ्या दारावरून निघून जात. मग बराच वेळ शांतता. आणि मग त्याच वाटेने दुसरी पावले येत, तितकीच सावकाश. मी घड्याळ लावून पाहिले होते. अंतर किती ते सांगायला नकोच.

त्या आठवड्यात ब्रॅनॉक तीन दिवस कामासाठी हार्टफर्डला गेला होता. त्याच्या काचेच्या खोलीत मला त्याची कातड्याची खुर्ची भिंतीकडे वळलेली दिसली. किल्ली माझ्याकडे होती. आत जायचे आणि एका बोटाने खुर्ची फिरवायची, एवढेच काम होते. मी काचेबाहेर उभी राहून कॉफी संपवली आणि जागेवर आले.

खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

५

ब्रॅनॉक गुरुवारी परतला, आणि शुक्रवारपासून तो मंद होऊ लागला.

आधी कुणाच्या ध्यानात आले नाही. प्रश्न विचारला की तो क्षणभर थांबे, मग उत्तर देई. उत्तर अगदी बरोबर असे. सोमवारी तो क्षण मिनिटाचा झाला. बैठकीत कुणीतरी कंत्राटाची तारीख विचारली. ब्रॅनॉक समोर बघत राहिला. विषय बदलला, दुसरा बदलला, लोक उठून खुर्च्या सरकवू लागले, आणि तेव्हा तो म्हणाला, "चौदा तारीख." हसू कुणालाच आले नाही.

बुधवारी मी त्याच्या खोलीत गेले. दार लावले. माझ्या मनात काय होते ते सांगते. त्याला घाबरलेले पाहायचे होते.

"वॉल्टर," मी म्हणाले, "मार्चमधल्या त्या कागदावर फक्त पहिली ओळ होती. तुम्हाला माहीत होतं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे जागे होते. आत कुठेतरी खोलवर माझे शब्द खाली खाली जाताना दिसत होते. मी दहा मिनिटे थांबले, मग कंटाळून जेवायला गेले. पाऊण तासाने त्याच्या दारावरून परत येताना रिकाम्या खोलीत तो एकटाच बोलत होता.

"मला नव्हतं माहीत. तुला होतं."

दुपारी रुग्णवाहिका आली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली असे डॉक्टरांनी सांगितले, आणि साठीच्या, दिवसाला दोन पाकिटे ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते पटण्यासारखे होते. मीही ते पटवून घेतले. त्याला जिन्यावरून उतरवताना मी कठड्याला धरून उभी होते. बघा रोलंड, मी मनात म्हणाले, नेलेच की नाही त्याला. त्याचे उत्तर मात्र मी कुणालाच सांगितले नाही.

६

सोमवारी सकाळी माझा खालचा खण बोटभर उघडा होता.

कागद दिसत होता. सातशे वीस ओळींचा गठ्ठा, वर माझ्याच हातची तारीख. मी तो बाहेर काढला नाही. बुटाच्या टोकाने खण लोटून दिला.

तासाभरात रोलंडची बायको लुसील हिचा फोन आला. दहा महिन्यांत तिने कुणालाच फोन केला नव्हता.

"आयली, मला भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "नोकरीही नको, भरपाईही नको. ते शेवटपर्यंत घोकत होते की आयलीला माहीत आहे, आयलीला विचारा. झोपेतसुद्धा तेच. तुला माहीत असेल तर मला सांग ना. नसेल तर तसं सांग. मी घर विकून बहिणीकडे क्वेबेकला चाललेय. त्याआधी त्यांच्या थडग्यापाशी जाऊन मला एक काहीतरी सांगायचंय."

आता ब्रॅनॉक नव्हता. मला अडवणारे कुणी नव्हते. ज्याच्यासाठी कागद राखून ठेवला होता तो माणूस रुग्णालयात छताकडे बघत पडला होता. तेव्हा कळले की मी कागद त्याच्यासाठी राखला नव्हताच. तो बाहेर आला असता तर पहिला प्रश्न विचारला गेला असता की तो इतके दिवस कुणाच्या खणात होता. मग किल्ल्या गेल्या असत्या, टेबल गेले असते, आणि बैठकीत रोलंडनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले होते त्याच नजरेने सगळ्या गावाने पाहिले असते.

"मला आठवून बघावं लागेल, लुसील," मी म्हणाले. "गुरुवारी बारा वाजता इकडे येतेस का?"

फोन ठेवला आणि पावले ऐकू आली. मार्गिकेत उजेड होता, खिडक्यांतून बर्फाचा पांढरा प्रकाश येत होता. पावले माझ्या दाराशी आली आणि प्रथमच थांबली. मी मान वर केली नाही. टॅमरॅकच्या स्क्रीनकडे बघत राहिले. काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक हात. अंगठ्याला चिकटपट्टी लावलेली होती. छपाईचे कागद फाडताना रोलंडचा अंगठा नेहमी कापत असे. स्वेटरची बाही तपकिरी होती. त्याच्या वर मी पाहिले नाही.

हात खुर्ची फिरवत नव्हता. नुसता टेकला होता, शिकवताना टेकत असे तसा. तो वाट बघत होता, हे मला अगदी स्वच्छ समजले. खण माझ्या गुडघ्यापाशी होता. मी वाकून तो उघडू शकत होते.

मी डोळे मिटून घेतले आणि तो जाईपर्यंत मिटूनच ठेवले. मनात म्हणाले, गुरुवारी. गुरुवारी नक्की.

पन्नास मिनिटांनी मागची पावले आली. ती थांबली नाहीत. आत आली.

७

गुरुवारी लुसील आली. काळा कोट, बुटांना बर्फ, हातात एक कापडी पिशवी. मी तिला समोरच्या खुर्चीत बसवले, चहा दिला. ती बारीक झाली होती. तिने पिशवी मांडीवर ठेवली आणि सरळ विचारले, "आयली, ते बरोबर होते का?"

मी ठरवले होते. खरेच ठरवले होते. तिच्या तोंडाकडे बघताना माझे सगळे हिशोबी मन गळून पडले, आणि रोलंडसाठी, तिच्यासाठी, मला पहिल्यांदाच रडू फुटले. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "हो, लुसील. तेच बरोबर होते. तो कागद मी छापला होता."

समोर कुणी नव्हते.

चहावर साय धरली होती. खिडकीबाहेर संध्याकाळ झाली होती आणि वाहनतळावरचे दिवे लागले होते. खुर्चीखाली बुटांच्या बर्फाचे पाणी वाळून पांढरे डाग राहिले होते. डेल्फिनाबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या, जरा लांबच.

त्या म्हणाल्या की ती बाई तासभर बसून होती. दोनदा तिने तुमचा हात हलवला. तुम्ही तिच्याकडे नुसत्या टक लावून बघत होता, रडतही नव्हता. शेवटी ती म्हणाली, कळलं मला, आणि गेली.

मी लुसीलला फोन लावला. तिकडून हॅलो आले, मग पुन्हा हॅलो, मग कोण बोलतंय, आणि फोन ठेवल्याचा आवाज. माझे शब्द निघाले तेव्हा रिसीव्हरमध्ये नुसती घरघर होती. रोज लावते. रोज तेच होते. खालचा खण मी दोन्ही हातांनी बाहेर ओढला. गठ्ठा नाही. तळाशी धूळ नसलेला एक चौकोन आहे, आणि त्यावर आडवी ठेवलेली पोलादी पट्टी.

ऑफिसातली माणसे आता माझ्या दारावरून जाताना आवाज खाली करतात. मला प्रश्न विचारणे त्यांनी सोडून दिले आहे. डॉक्टरांना दाखवायला हवे असे कुणीतरी म्हणाले. मी त्याला हो म्हणाले असेन, पण तो तेव्हा तिथे होता की नाही ते माहीत नाही.

कागद मात्र थांबतो. म्हणून हे लिहायला घेतले. लुसीलच्या बहिणीचा क्वेबेकचा पत्ता रोलंडच्या जुन्या टेलिफोनच्या वहीत आहे. पाकीट तयार आहे.

रोलंड थिबोडो बरोबर होते. बैठकीतली ती एक ओळ मी छापली होती, आणि ती वाचायची नसते हे मला माहीत होते. सही, आयली.

लिहायला बसले त्या सकाळी खिडकीखालची नदी गोठलेली होती. आता मान वर केली तर पलीकडच्या काठावर मुले उघड्या अंगाने पाण्यात उड्या मारत आहेत.